डिग्रीवाचून अडत नाही, भाषेवाचून अडतं

मनू, त्या एजंटला अजून पैसे दिले नाहीस ना? मग देऊही नकोस. ‘आत्ता टूरिस्ट व्हिसावर जा, तिकडे पोचल्यावर वर्क परमिट करून देतो’ असं जो म्हणतो, त्याच्या ऑफिसची पायरी पुन्हा चढायची नाही. जपानमध्ये टूरिस्ट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे. पकडलं गेलं तर परत पाठवतात आणि पुढची काही वर्षं इथे पाऊल ठेवता येत नाही.

बारावीनंतर कॉलेज सुटलं हे तू उगाच मनाला लावून घेतलं आहेस. जपानने एप्रिल 2019 मध्ये ‘तोकुतेई गिनो’ नावाचा व्हिसा सुरू केला. त्याला डिग्री विचारतच नाहीत. वय 18 पूर्ण हवं, कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा पास हवी. जानेवारी 2021 मध्ये भारताशी त्यांचा करारही झाला. शेती, हॉटेल, बांधकाम, बरीच क्षेत्रं आहेत. पण तू हॉस्पिटलात पेशंट सांभाळलेस, तेव्हा तुझ्यासाठी काइगो, वृद्धांची शुश्रूषा, हेच बरं.

भाषेसाठी जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन-फोर पातळी दे. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात केंद्र आहे. नाहीतर कॉम्प्युटरवरची जेएफटी-बेसिक आहे, तिला 250 पैकी 200 गुण लागतात. काइगोसाठी शुश्रूषेच्या जपानीचा 15 प्रश्नांचा आणखी एक पेपर असतो.

पण पास होण्यापुरतं शिकून येऊ नकोस गं. एन-फोरवर आलेल्या मुली सुरुवातीला अगदी रडकुंडीला येतात, मी इथे जपानमध्ये बघते ना. इथली आजी ‘मला बाथरूमला ने’ असं सरळ म्हणतेच असं नाही. ‘चोत्तो...’ म्हणते, म्हणजे ‘जरासं...’, आणि गप्प बसते. पुढचं आपण ओळखायचं. रात्रपाळीत कुणाला ताप भरला तर नर्सला फोनवर जपानीतच सांगायचं, नोंदही जपानीतच लिहायची. तिथे शब्द चुकला तर त्रास त्या आजीला होतो. अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं तुला नवं नाही, तुझे हात चांगले आहेत. कमी आहे ती फक्त भाषा. वर्षभर ती नीट शिक, घाई करू नकोस.

आता पैशांचं. परवाना असलेल्या एजंटला कायद्याने सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ₹30,000 आणि वर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. क्लासची आणि परीक्षेची फी वेगळी. परवाना खरा की खोटा हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसतं. तिथे नाव नाही, तर बोलणंच बंद. आणि बाबांना शेत गहाण ठेवू देऊ नकोस. व्हिसा परीक्षा आणि नोकरी यांवर मिळतो, लाखांवर नाही.

नोकरी ठरली की मालक जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रतेचा दाखला काढतो, सगळे त्याला सीओई म्हणतात. तो दाखवून मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडून व्हिसा घ्यायचा. करारात पगाराचा आकडा बघून हुरळू नकोस. विमा, पेन्शन, कर, खोलीभाडं कापून हातात किती पडणार ते विचार. दुसऱ्या वर्षी, बहुतेक जूनपासून, रहिवासी करही कापला जायला लागतो, तेव्हा दचकू नकोस. त्याच कामाला जपानी माणसापेक्षा कमी पगार देता येत नाही. ‘मध्येच सोडलंस तर दंड’ असं कलम चालत नाही. जाच झाला तर रीतसर परवानगी काढून काइगोमध्येच दुसरीकडे जाता येतं. पासपोर्ट मात्र कुणाच्याही कपाटात ठेवायचा नाही.

एक गोष्ट मात्र तुला जड जाईल. हा व्हिसा एकूण 5 वर्षांचा, आणि त्यावर नवऱ्याला किंवा मुलांना आणता येत नाही. 3 वर्षं काम आणि ठरलेलं प्रशिक्षण झालं की काइगो फुकुशिशीची, म्हणजे प्रमाणित शुश्रूषा-सेवकाची, राष्ट्रीय परीक्षा देता येते. ती पास झालीस की व्हिसाचा प्रकार बदलून घेता येतो. मग 5 वर्षांची मर्यादा राहत नाही आणि नवराही येऊ शकतो. ती परीक्षा मात्र अवघड, आणि जपानीतून.

तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय ना? त्या मुलाला हे सगळं होकार देण्याआधी सांग, आईसमोर सांग. आणि हिरागाना-काताकाना ही जपानी अक्षरं आजपासून घरीच गिरवायला घे. क्लासची पहिली फी मी पाठवते.