अहवाल निर्दोष, पण वेदना खरी : फायब्रोमायल्जियाची ओळख

मी डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तरीही वार्षिक अहवालात एका आजाराविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्यास कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एका भगिनीचा सवलतीसाठीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. सोबत जाडजूड फाईल होती : रक्ततपासण्या, क्ष-किरण चित्रे, सोनोग्राफी. सारे अहवाल निर्दोष. ‘आजार आढळत नाही’ असा शेरा मारून मी अर्ज बाजूला ठेवला. पुढे संधिवाततज्ज्ञांनी त्यांना तपासून फायब्रोमायल्जियाचे निदान केले. मी शेरा खोडला, अर्ज मंजूर झाला. तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “मी सोंग करीत नव्हते, हे आता घरी सांगता येईल.” ते वाक्य मनातून जात नाही.

या आजारात स्नायू वा सांधे झिजलेले किंवा सुजलेले नसतात. मेंदू व मज्जारज्जू यांतील वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. दारावर कोणी टकटक करावी आणि आगीची घंटा वाजू लागावी, तसा हा प्रकार. म्हणूनच क्ष-किरणात वा रक्तात काही दिसत नाही. सर्वसाधारणपणे लोकसंख्येच्या २ ते ४ टक्के व्यक्तींना हा त्रास असल्याचे मानले जाते. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक. मात्र पुरुषही यातून सुटलेले नाहीत.

लक्षणे पुढीलप्रमाणे ओळखावीत :

१. सर्वांगदुखी : मान, खांदे, पाठ, कंबर, हात, पाय अशा अनेक ठिकाणी किमान तीन महिने टिकणारे दुखणे. हलक्या दाबानेही कळ येते.

२. झोप व थकवा : रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेले, ताठरलेले, थोड्याशा कामाने गळून जाणे.

३. विस्मरण : बोलताना शब्द न आठवणे, हिशेबात वा वाचनात लक्ष न लागणे.

४. सोबतच्या तक्रारी : डोकेदुखी, पोटात मुरडा, हातापायांना मुंग्या, प्रखर उजेड वा आवाज सहन न होणे, उदासीनता.

१९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने ठरविलेल्या निकषांनुसार शरीरावरील १८ बिंदूंपैकी ११ ठिकाणी दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. २०१० व २०१६ च्या सुधारित निकषांत ही अट राहिली नाही. वेदनेची व्याप्ती आणि थकवा, झोप, स्मरण यांची तीव्रता विचारात घेतली जाते. मग तपासण्या कशासाठी? थायरॉइडची कमतरता, ड जीवनसत्त्वाचा अभाव, रक्तक्षय, संधिवात अशी अंगदुखीची अन्य कारणे शोधण्यासाठी. सांध्यांवर सूज, ताप, वजन घटणे किंवा स्नायूंतील शक्ती जाणे ही फायब्रोमायल्जियाची लक्षणे नव्हेत. ती आढळल्यास विनाविलंब तपासून घ्यावे.

हा आजार जीवघेणा नाही, त्याने अवयव निकामी होत नाहीत. परंतु तो चिवट आहे. झेपेल इतक्यापासून सुरू करून हळूहळू वाढविलेला नियमित व्यायाम हा उपचाराचा मुख्य आधार होय. त्याच्या जोडीला झोपेची शिस्त, समुपदेशन आणि आवश्यकतेनुसार डॉक्टरांनी दिलेली औषधे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहिल्याने लाभ थोडा, अपाय अधिक.

आप्तेष्टांना एक विनंती. “रिपोर्ट तर चांगले आहेत, मग दुखते कसे?” हा प्रश्न घरात कृपया विचारू नये. विश्रांतीला आळस म्हणू नये आणि फिरायला जाताना त्यांना सोबत घ्यावे.

देणगीदारांना यंत्रसामग्री दिसते, तिची किंमतही ताळेबंदात दिसते. रुग्णाचे सारे म्हणणे ऐकून घेण्यासाठी डॉक्टरांनी दिलेला अर्धा तास मात्र कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही. या आजाराचे निदान मुख्यतः त्या अर्ध्या तासातच होते. आपल्या देणगीतून तोही उभा राहतो, याची कृतज्ञ नोंद येथे करतो.