आधी श्वास द्या

कृष्णामाई महाबळेश्वरला उगम पावून सांगलीला जाते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरात ब्रह्मनाळजवळ नाव उलटून माणसे बुडाली. विहिरीतही मुले बुडतात.

बुडालेल्याला उलटे टांगून, पोट दाबून पाणी काढतात. ते चूक आहे. त्यात वेळ जातो.

मूल श्वास घेत नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने मुलाला उताणे निजवून हनुवटी वर करावी व नाक धरून तोंडाने ५ श्वास द्यावेत. तान्ह्या बाळाच्या तोंडानाकावर मिळून तोंड ठेवून हळू फुंकावे. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा भरभर दाबावे, मग २ श्वास. गाडी येईपर्यंत थांबू नये.

आपण मुलांनी उडी मारायची नाही. ओरडायचे, दोर नाहीतर मोकळा डबा फेकायचा. आईबाबा, तुम्हीपण हे शिका.