भिजला कडबा झाकण्याची घाई नको

आमच्या विट्याच्या माळावर शाळू पेरतात तो निम्मा जनावरांसाठीच. टेंभूचं पाणी आलं, उसाचं वाडं मिळू लागलं, तरी खिलार गाईच्या दावणीला कडबाच लागतो. म्हणून मार्चअखेरीच्या वळवानं तो भिजला तेव्हा माझा धीर सुटला. कणसं खुडून झाली होती, पेंड्या रानात पसरलेल्या. रात्री पुन्हा पाऊस येईल या धसक्यानं आम्ही ओल्याच पेंड्यांची गंज रचली आणि ताडपत्री खालपर्यंत आवळून बांधली.

चौथ्या दिवशी गंजीत हात घातला तर चटका बसला. आंबूस वास, वाफ आणि पानांवर राखाडी भुकटी. वरच्या पेंड्या पिवळ्याधमक दिसत होत्या, म्हणून त्या निवडून घालत राहिलो. पुढच्या महिन्यात सात महिन्यांची गाभण गाय गाभडली. बुरशीच्या चाऱ्यानं असं होऊ शकतं, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. दुसरं कारण मला तरी सापडलं नाही.

पावसानं कडब्याचा रंग जातो, गोडी जाते, भाव पडतो. पण त्याची माती होते ती ओल कोंडल्यानं. पाऊस उघडला की चिखलाला टेकलेल्या पेंड्या आधी उचला. आळे सैल करा आणि बुडखे खाली, शेंडे एकमेकांना टेकवून पेंड्या उभ्या करा, म्हणजे मधून वारं खेळतं. दंव उडाल्यावर त्यांची बाजू बदला. पान वाळलं म्हणून फसू नका. शाळवाचं ताट जाड, आतला भेंडा पाणी धरून बसतो. पेरापाशी ताट वाकवून बघा. कट्कन मोडलं तरच गंजीला लावा, नुसतं वाकलं तर आणखी दोन उन्हं द्या.

गंज दगड-लाकडांवर उचलून रचा, ताडपत्री फक्त माथ्यावर टाका. पहिले पंधरा दिवस मधोमध लोखंडी पहार खुपसून ठेवा आणि रोज उपसून हात लावून बघा. पहार हातात धरवत नसेल तर गंज मोडा, पण आधी पाण्याची पिंपं भरून ठेवा. तापलेल्या गंजीला एकदम वारं लागलं तर ती पेटू शकते.

नुसता काळा पडलेला, खडखडीत वाळलेला कडबा कुट्टी करून, गूळ-मिठाचं पाणी शिंपडून जनावरं खातात. बुरसलेली पेंडी मात्र तोंडाला फडकं बांधून थेट उकिरड्यात टाका. तिच्यातलं विष दुधात उतरतं आणि दूध उकळलं तरी जात नाही.