तकलीपासून विहिरीपर्यंत

तुमच्यापैकी किती जणांनी तकली हातात धरली आहे? वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यांनी सेवाग्राम आश्रमात किंवा वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ती पाहिली असेल. पातळ पोलादी सळई, तिच्या खालच्या बाजूला पितळेची वाटोळी चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकवायचा लहानसा आकडा. एवढे हे यंत्र. खादी भांडारात तकली मिळाली नाही तर बांबूची गुळगुळीत काडी आणि घासून गोल केलेला खापरीचा तुकडा घेऊन घरीच बनवा. पुढे जे सांगणार आहे, ते हातात तकली धरून वाचले तरच नीट समजेल.

आधी थोडा इतिहास. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली. सर्वांना सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून असावे, आणि हाताने करायच्या एखाद्या उत्पादक कामाभोवती त्याची रचना असावी, असे ठराव तिने केले. या कामाच्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा, अशी अपेक्षाही चौथ्या ठरावात होती. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला. 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' म्हणतात ती हीच. गांधीजींनी परिषदेत उदाहरण दिले ते तकलीचेच. तकली फिरवता फिरवता मुलाला कापसाचा इतिहास, गणित आणि यंत्राची रचना शिकवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

हे खरे आहे का? पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून मला भाषणापेक्षा तकलीलाच विचारणे अधिक आवडते.

पहिला प्रश्न: चकती कशाला? समजा, सळई १७ सें.मी. लांब आणि अडीच मि.मी. जाड आहे. तिचे वस्तुमान साधारण साडेसहा ग्रॅम भरेल. चकतीचा व्यास अडीच सें.मी. आणि वस्तुमान १० ग्रॅम धरू. म्हणजे वस्तुमानात दोघी फार दूर नाहीत. पण फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत नुसते वस्तुमान पाहून भागत नाही. ते अक्षापासून किती दूर आहे हेही पाहावे लागते. भरीव गोल वस्तूचे जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. आता आकडे घाला. सळईसाठी उत्तर येते सुमारे ०.०५ आणि चकतीसाठी सुमारे ७.८ (दोन्ही ग्रॅम-वर्ग सें.मी. मध्ये). चकतीचा वाटा दीडशे पटींहून अधिक! चकती काढून नुसती सळई फिरवून पाहा, दोन-चार गिरक्यांत ती दम टाकते.

मग सळई तरी इतकी बारीक का? चुटकी वाजवल्यासारखे करून आपण ती अंगठा आणि बोट यांच्यामध्ये लाटतो. बोट अंगठ्यावरून ४ सें.मी. सरकले तर अडीच मि.मी. जाडीच्या सळईला सुमारे अडीच फेरे मिळतात. तिच्या जागी पेन्सिल असती तर एक फेराही पुरा झाला नसता. बारीक सळई वेग घेते आणि रुंद चकती तो राखून ठेवते. ज्या कुणी हजारो वर्षांपूर्वी प्रथम काडीत खापरी अडकवली, त्याला किंवा तिला ही सूत्रे ठाऊक नव्हती, पण हाताला ती समजली होती. (सळईचा परीघ सुमारे ८ मि.मी. आहे. ४ सें.मी.ला त्याने भागले तर पाच फेरे यायला हवेत; मी अडीच म्हटले. का बरे? पेन्सिल दोन तळहातांत धरून लाटा आणि ती स्वतः कुठे जाते ते पाहा.)

दुसरा प्रश्न सुताचा. आपल्याकडच्या कापसाचा तंतू अडीच-तीन सें.मी. लांब असतो. एवढ्याशा तंतूंपासून मैलभर लांब धागा होतो तो कशाच्या बळावर? पेळूतून तंतू ओढून घ्या, पीळ न देता ताणा. ते अलगद निसटतात. आता पीळ देऊन ताणा. पिळामुळे बाहेरचे तंतू आतल्या तंतूंना आवळतात. जितके ताणाल तितके अधिक आवळतात, आणि घर्षणामुळे कुणी कुणाला सोडत नाही. २० नंबरच्या सुताला एका मीटरमध्ये साधारण ६०० ते ७०० पीळ लागतात. हे पडताळायचे तर सुताचा २ सें.मी.चा तुकडा दोन टोकांना पकडा आणि तंतू समांतर होईपर्यंत उलगडत फेरे मोजा. तुकडा तंतूपेक्षा लांब घेतला तर उलगडताच तो तुटून हाती येईल. म्हणून दोनच सेंटिमीटर.

हा 'नंबर' काय असतो? ८४० वार लांबीच्या किती लडी एका पौंडात बसतात, तो सुताचा नंबर. वार आणि पौंड गेले तरी हे माप गेले नाही. ग्रॅम आणि मीटरमध्ये सांगायचे तर एका ग्रॅममध्ये जितके मीटर सूत बसेल त्याला ०.५९ ने गुणा. शाळेत नाजूक तराजू नाही? झाडूच्या काडीला मधोमध दोरा बांधून टांगा. दोन्ही टोकांना कागदाच्या हलक्या पारड्या लावा आणि रिकाम्या पारड्यांनिशी काडी आडवी राहील असे करा. सुई काढलेल्या सिरिंजने एका पारडीत १ मिलिलिटर पाणी टाका, म्हणजे १ ग्रॅम झाला (पारडीला आधी मेण लावून घ्या). दुसऱ्या पारडीत काडी पुन्हा आडवी होईपर्यंत सूत भरा, मग ते उलगडून लांबी मोजा. ३४ मीटर भरले तर तुमचे सूत २० नंबरचे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की लेखकाला पुन्हा सगळ्या मुलांना सूत कातायला बसवायचे आहे. तसे नाही. तकलीवर आज कुणाचे पोट भरणार नाही. शिवाय त्या चौथ्या ठरावाबद्दल मला पहिल्यापासून शंका आहे. ती नवीनही नाही. झाकीर हुसेन समितीच्या अहवालातच इशारा दिलेला आहे की, योजना राबवताना उत्पन्नाच्या बाजूवर भर पडून शिक्षणाची बाजू मागे पडण्याचा धोका आहे. किती तार कातले एवढेच गुरुजी मोजू लागले की तकली गप्प होते. मग तिच्यात ना जडत्व आघूर्ण उरते, ना घर्षण.

आमच्या शाळेत 'कार्यानुभव' नावाचा विषय होता. वर्षाच्या शेवटी वस्तू सादर करायची असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून तोरण आणायचे, त्याची किंमतीची चिठ्ठी काढायची आणि गुरुजींपुढे ठेवायचे. गुरुजींनाही ते ठाऊक असे, आम्हालाही. मला त्या तोरणाला दहापैकी आठ गुण मिळाले होते. आज 'प्रकल्प' या नावाखाली दुकानातून छापील चित्रे आणून वहीत चिकटवली जातात आणि थर्मोकोलचा ज्वालामुखी तयार मिळतो, तेव्हा मला ते तोरण आठवते. १९३७ साली धोका होता काम उरून शिक्षण जाण्याचा. आता दोन्ही जातात आणि वही उरते.

खरा प्रकल्प ओळखायचा कसा? माझी कसोटी साधी आहे. त्याचे उत्तर सुरुवातीला तुम्हाला, तुमच्या शिक्षकांना आणि दुकानदाराला, तिघांनाही ठाऊक नसावे. आणि ते कळल्यावर गावातल्या कुणाला तरी त्याचा उपयोग व्हावा. सेवाग्रामला नई तालीमची जी शाळा आज 'आनंद निकेतन' या नावाने चालते, तिथे शेती, स्वयंपाक आणि कताई हे शिकण्याचेच भाग आहेत. १९९३ पासून भरत असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले आपल्या परिसरातलाच प्रश्न घेऊन उतरतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुले गावाला लागणारी कामे करून तंत्र शिकू लागली. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. तो कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पसरला आणि तीस वर्षांनी, २००२ मध्ये, सरकारने बंद केला. बंद झाला म्हणून तो फसला, असे मात्र मी म्हणणार नाही.

आता वर्धा जिल्ह्यातल्या शाळांसाठी माझ्या मनातला प्रकल्प सांगतो. तो विहिरीचा आहे, आणि त्याची सुरुवातही पिळापासूनच होते.

विहिरीतले पाणी काठापासून किती खोल आहे हे मोजायला तुम्ही सुती दोर घ्याल, त्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा कराल आणि खाली वजन बांधाल. दोर भिजला की काय होते? तो लांबेल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पीळ दिलेला सुती दोर भिजल्यावर आखडतो. पाणी पिऊन तंतू जाड होतात. जाड झालेल्या दोराभोवती वळसा घ्यायला प्रत्येक तंतूला जास्त लांबी लागते. ती येणार कुठून? दोराच्याच लांबीतून. खुणा जवळ येतात आणि विहीर आहे त्याहून खोल वाटते. तेव्हा दोर आधी भिजवा आणि मगच पोलादी टेपशेजारी ठेवून खुणा करा. दोराच्या टोकाला वजनाबरोबर लहान डबा तोंड खाली करून बांधा. तो पाण्याला टेकताच 'डुब्' असा आवाज येतो; खाली वाकून पाहावे लागत नाही. विहिरीला कठडा नसेल तर ती विहीर घेऊच नका, आणि मोठे माणूस सोबत असल्याशिवाय कुठल्याच विहिरीवर जाऊ नका.

मोजायचे केव्हा? पहाटे, मोटारपंप सुरू होण्यापूर्वी. काठावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच दोर सोडा. मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा, एवढे तरी कराच. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण तुमच्या शिवारातली विहीर तिच्या यादीत असेलच असे नाही.

समजा, मे ते ऑक्टोबर पातळी ६ मीटरने वर आली. आपल्या जिल्ह्याखाली बहुतांशी काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या झिजलेल्या थरात पाणी सोडू शकणारी पोकळी साधारण दोनच टक्के धरतात. म्हणजे विहिरीत ६ मीटर चढलेले पाणी आजूबाजूच्या जमिनीत अवघ्या १२० मि.मी. पावसाइतके असते. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १००० मि.मी. पाऊस पडतो. बाकीचा गेला कुठे? काही बाष्प होऊन, काही पिकांत, काही धाम आणि वणा नद्यांतून वाहून. मधल्या काळात उपसलेले पाणीही या हिशेबात आलेले नाही. ते कसे धरायचे हे तुम्हीच ठरवा.

आणखी एक मोजणी. विहीर ६ मीटर व्यासाची असेल तर तिच्यातले एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. पंप बंद झाल्यावर तासाभरात पाणी २० सें.मी. चढले, तर झरे ताशी साडेपाच हजार लिटरहून थोडे अधिक देत आहेत. ऑक्टोबरमध्ये हा आकडा हाती असेल तर घरी बोलण्यासारखे काही असते. गव्हाला चार-सहा पाणी लागतात, हरभऱ्याचे एक-दोन पाण्यांत भागते. यंदा काय पेरावे, हा निर्णय तुमचे बाबा किंवा आजोबा अनुभवावर घेतात, आणि तो अनुभव कमी लेखू नका. त्यांचा अंदाज आधी लिहून घ्या आणि मग आपली मोजणी त्याच्याशेजारी मांडा. कोण बरोबर ठरते ते फेब्रुवारीत कळेल.

पण एका शाळेने एक विहीर मोजून फारसे निघत नाही. पातळी उतरली ती पाऊस कमी झाल्याने की शेजारच्या शेतात नवा पंप बसल्याने, हे एकट्या विहिरीवरून सांगता येत नाही. आर्वीची शाळा, सेलूची शाळा, हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या शाळा यांनी एकाच आठवड्यात, एकाच रीतीने मोजले, तर नाल्यावर बंधारा असलेले गाव आणि नसलेले गाव शेजारी ठेवून पाहता येईल. त्यासाठी एक पथ्य पाळायला हवे. सगळ्या शाळांचे दोर एकाच पोलादी टेपवर तपासलेले असावेत, आणि एकमेकांच्या विहिरीवर जाऊन निदान एकदा तरी मोजून यावे. दोन शाळांच्या आकड्यांत फरक पडला तर भांडू नका आणि खोडूही नका. दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा आणि तिसऱ्यांदा मोजा.

आकड्यांचा तक्ता वहीत ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, आणि ग्रामसभेत तो वाचून दाखवायला नववीतल्या मुलामुलींनाच उभे करा. प्रश्न विचारले जातील, काही अवघडही. शिक्षकांना माझी विनंती आहे की उत्तरे देण्यासाठी पुढे होऊ नये.

मे महिन्याला अवकाश असेल तर तोवर दोर तयार करून ठेवा. तो भिजल्यावर मीटरमागे किती आखडतो हे मोजा. कोरडा असताना, अर्धा तास भिजवल्यावर आणि रात्रभर भिजवल्यावर. नायलॉनचा दोर मिळाला तर तोही शेजारी ठेवा.