वस्तीचा बैतुलमाल : हात पसरण्यापूर्वी पोचणारी मदत

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधील प्रसंग आहे. उल्हासनगरातील आमच्या मशिदीच्या तरुणांनी वर्गणी काढून शिध्याची पाकिटे तयार केली. असरच्या नमाजनंतर दारासमोर रांग लागली. मी यादीतून नावे पुकारत होतो आणि एक तरुण प्रत्येक पाकिटासोबत मोबाइलवर छायाचित्र टिपत होता. रांगेतील एका भगिनीने मोबाइल पाहिला, ओढणी तोंडावर घेतली आणि रिकाम्या हातांनी ती निघून गेली. तरावीहनंतर मी ते पाकीट तिच्या घरी पोचवले. तिचे पती जीन्स शिवण्याच्या कारखान्यात नगावर मजुरी करीत. दोन महिने काम बंद होते. ती एवढेच म्हणाली, "मौलाना, भूक सोसता येते. पण तो फोटो मुलाच्या वर्गात पोचला, तर त्याला काय सांगू?"

यादी माझ्या हातात होती. म्हणून चूकही माझीच होती.

सूरह अल-बकराच्या आयत २७३ मध्ये अल्लाहने अशा गरजूंचा उल्लेख केला आहे, जे स्वाभिमानापोटी कोणाकडे मागत नाहीत. अजाण माणसाला ते सुस्थितीतील वाटतात. त्यांची अवस्था त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखावी लागते. आयतीचा मूळ संदर्भ अल्लाहच्या मार्गात गुंतून पडलेल्या निर्धन सहाबांचा असला, तरी तिने सांगितलेली खूण आजही तीच आहे. ओळखण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे. याच सूरहच्या आयत २६४ मध्ये उपकार बोलून दाखवून व मन दुखावून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. रांग आणि छायाचित्र हेसुद्धा न बोलता बोलून दाखवणेच आहे.

आपल्या वस्तीपासून आरंभ

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत मुआज (र.) यांना यमनला पाठविले, तेव्हा तेथील धनवंतांकडून जकात घेऊन ती तेथील गरिबांना परत द्यावी, अशी शिकवण दिली. अश्अरी कबील्याची रीत तर प्रेषितांनी (स.) विशेष गौरविली. धान्य संपत आले की ते घराघरांतील शिल्लक एका कापडावर एकत्र करीत आणि एकाच मापाने समान वाटून घेत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत या हदीसी आहेत. वस्तीच्या बैतुलमालचे याहून सोपे चित्र सापडणार नाही.

आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाही. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प एक ते पाच ही नावे आजही त्या दिवसांची साक्ष देतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी बदलापूरपर्यंतच्या घरांत शिरले, तेव्हा सरकारी मदतीपूर्वी शेजारीच धावले. मात्र पूर सर्वांना दिसतो; कंत्राटी कामगाराची थांबलेली मजुरी भिंतीपलीकडेही दिसत नाही.

चार नियम

पहिला : यादी गुप्त असावी. वस्तीतील दोन-तीन विश्वासू व्यक्तींनीच, त्यांत एक भगिनी असावी, घरी जाऊन चौकशी करावी. नावे त्यांच्यापुरतीच राहावीत. मदत घरपोच जावी.

दुसरा : जकात आणि सर्वसाधारण दान यांच्या वह्या वेगळ्या असाव्यात. सूरह अत-तौबाच्या आयत ६० मध्ये जकातीचे आठ हक्कदार ठरवून दिले आहेत. हनफी फिकहनुसार जकात पात्र व्यक्तीच्या मालकीत द्यावी लागते. म्हणून टेम्पोचे भाडे किंवा छपाई तिच्यातून करू नये. तो खर्च ऐच्छिक दानातून करावा. बिगरमुस्लिम शेजाऱ्याच्या अडचणीतही हेच ऐच्छिक दान कामी यावे.

तिसरा : हिशोब उघडा असावा. जकात गोळा करण्यास गेलेल्या एका माणसाने परतल्यावर काही माल वेगळा काढून, ही मला मिळालेली भेट आहे, असे सांगितले. तो आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय, असा सवाल प्रेषितांनी (स.) मिंबरवरून केला. म्हणून पावती, बँक खाते आणि दोन सह्या यांत संकोच मानू नये. काम वाढताच ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणी करावी. रक्कम व कुटुंबांची संख्या मशिदीच्या फलकावर यावी. नावे कधीही येऊ नयेत.

चौथा : मदतीने माणूस उभा राहावा. मागायला आलेल्या एका अन्सारीचे पांघरूण व पेला प्रेषितांनी (स.) दोन दिरहमांना विकला. एका दिरहमाचे अन्न घरी द्यावयास लावले, दुसऱ्याची कुऱ्हाड घेऊन तिला स्वहस्ते दांडा बसविला आणि त्याला लाकडे तोडण्यास पाठविले, असे अबू दाऊदच्या संग्रहात आले आहे. आधी घरचे अन्न, मग साधन, हा क्रम ध्यानी घ्यावा. आपल्याकडे ती कुऱ्हाड म्हणजे शिलाई यंत्र, हातगाडी किंवा मुलाची शाळेची फी असू शकते.

आजच

त्या रमजाननंतर आम्ही रांग बंद केली. पाकिटे कमी भरली, कारण चौकशीस वेळ लागतो. परंतु एकही पाकीट परत आले नाही. सुरुवातीला मोठी रक्कम लागत नाही. या जुम्यानंतर दहा घरांनी एकत्र बसावे, दरमहा जमेल ती रक्कम ठरवावी आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारावा : आपल्या गल्लीत असे कोण आहे, जे कधी मागणार नाही?

अल्लाह आपल्या दानाला दिखाव्यापासून आणि आपल्या शेजाऱ्याला लाजेपासून सुरक्षित राखो. आमीन.