गरोदरपणातील साखर : तपासणी दोनदा का?



या पानावर मी एरवी लागण, खोडवा, खते यांवर लिहितो. आज विषय निराळा आहे. मागे नांदगावात खोडव्याची पाहणी करून एका सभासदांच्या पडवीत चहाला बसलो होतो. त्यांच्या सुनेला सहावा महिना संपत आलेला. तिसऱ्या महिन्यात साखर तपासली, ती बरोबर निघाली. आशाताईंनी पुन्हा बोलावले म्हणून सासूबाई वैतागलेल्या. "आमच्या घराण्यात कोणाक साखर नाय. मगे परत तपासणी कित्याक?"

मी डॉक्टर नव्हे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून समजले ते सांगतो.

गर्भ वाढतो तशी वारेतून काही संप्रेरके आईच्या रक्तात येतात आणि इन्शुलिनचा जोर कमी करतात. बहुतेक बायकांचे शरीर जादा इन्शुलिन करून भागवते, काहींचे कमी पडते. हा ताण सहाव्या महिन्याच्या सुमारास वाढतो. ऑक्टोबरात पाहिलेला ब्रिक्स आपण फेब्रुवारीच्या तोडणीला धरतो का? तसेच हे. बहुधा काही लक्षणही दिसत नाही. अंगाने सडपातळ असणे ही हमी नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवून दिले, की आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे पहिली तपासणी नाव नोंदवतानाच आणि दुसरी २४ ते २८ आठवड्यांत करतात. उपाशी जावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. (आपल्या कारखान्याची साखर इथे चालत नाही हो! तिच्यात निम्मे फ्रुक्टोज असते.) अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. ही सोपी पद्धत चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या गटाने पुढे आणली.

साखर वाढलेली राहिली तर बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अडते, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते, क्वचित बाळ पोटातच दगावते. उपचार मात्र आहेत. आधी दोन आठवडे आहार आणि चालणे. तेवढ्याने जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही तर औषध किंवा इन्शुलिन. इन्शुलिनला घाबरू नये, ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही.

आपल्याकडे घोटाळा होतो तो माहेरी जाण्यात. ओटीभरण झाले की मुलगी माहेरी, आणि तपासणीचा दिवस नेमका त्याच सुमारास! दोन्ही घरांना वाटते, दुसरीकडे झाली असेल. म्हणून जाण्यापूर्वी तपासून घ्या, कार्ड सोबत द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. तोडणीच्या टोळीत कोणी गरोदर असेल तर मुकादमाला सांगून तिलाही त्या दिवशी मोकळीक द्या, तिची रोजी बुडवू नका.

नांदगावची सून गेली. आकडा १५६ आला. आता घरात पेजेचा वाडगा लहान झाला आहे, कुळीथ आणि मासळी वाढली आहे. दोन आठवड्यांनी साखर ११२ भरली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासायचे आहे. ती तारीख सासूबाईंनी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवली आहे.

— ऊस विकास अधिकारी