डॉसबॉक्स मंद चालतोय? आधी टायटल बार वाचा!

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा धडा मला ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री मिळाला, म्हणून लिहितेच.

मिनी प्रोजेक्टसाठी टर्बो सी++ मध्ये बबल सॉर्ट लिहिलं होतं, २००० आकड्यांचं. ईएक्सई फाइल डॉसबॉक्सच्या प्रॉम्प्टवरून चालवली तर दहा-बारा सेकंद! रूममेट म्हणाली, "लॅपटॉप भंगारात घाल." मी मात्र रिपोर्टमध्ये 'अल्गोरिदम अत्यंत मंद' असं लिहून मोकळी झाले. मग सहज तोच प्रोग्रॅम टर्बो सी++ च्या आतून चालवला, तर चटकन संपला. कोड तोच, मशीन तेच. मग घोळ कुठे?

६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्स हा मधला दुभाषा. एका मिलिसेकंदात त्याने किती सूचना पार पाडायच्या, हे 'सायकल्स' ठरवतं. मूळ सेटिंग 'ऑटो' असतं. म्हणजे साध्या रिअल मोडमधल्या प्रोग्रॅमला ३०००, प्रोटेक्टेड मोडमध्ये शिरणाऱ्याला 'मॅक्स'. टर्बो सी++ ३.० प्रोटेक्टेड मोड वापरतं, माझी ईएक्सई नाही.

आता हिशोब बघा. २००० आकड्यांना सुमारे २० लाख तुलना. प्रत्येकीला १५ सूचना धरल्या तर ३ कोटी. वेग सेकंदाला ३० लाख. म्हणजे १० सेकंद. जुळलं!

तुमचंही असं झालं तर:

१. टायटल बारवर सायकल्सचा आकडा वाचा.

२. कंट्रोल+एफ१२ ने तो वाढवा, कंट्रोल+एफ११ ने कमी करा.

३. हावरटपणा नको. लॅपटॉपला झेपेनासं झालं की आवाज तुटतो, चित्र अडखळतं. तिथून थोडं मागे या.

४. तरी भागलं नाही तर कॉन्फिग फाइलमध्ये कोअर 'डायनॅमिक' करा. मग दुभाषा एकेक सूचना न सांगता अख्ख्या तुकड्याचं भाषांतर करून ठेवतो आणि तेच पुन्हा वापरतो.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

रात्री दोनला मी सायकल्स फिक्स करून सगळी रीडिंग्ज पुन्हा घेतली, शेजारी सायकल्सचा आकडा लिहिला आणि ते 'अत्यंत मंद' खोडलं. व्हायवात सरांनी विचारायच्या आधी मीच चूक सांगून टाकली. खाडाखोडीचा एक मार्क गेला. पण मोजायला गेले होते अल्गोरिदम आणि मोजत बसले होते दुभाष्याला, हे आता जन्मात विसरणार नाही.